शुल्क माफ झालं, खोलीचं काय?

प्रति,
मा. मंत्री, मा. सचिव आणि मा. संचालक,
उच्च व तंत्रशिक्षण विभाग, महाराष्ट्र शासन,
मंत्रालय, मुंबई.

सप्रेम नमस्कार.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी वरिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवते. चोवीस वर्षं झाली. गेली नऊ वर्षं शिकवण्याबरोबर शिष्यवृत्तीचं टेबलही माझ्याकडे आहे. मुलींचे महाडीबीटीवरचे, म्हणजे शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचे अर्ज तपासायचे, त्रुटी निघून परत आलेले अर्ज त्यांच्याकडून दुरुस्त करून घ्यायचे, कागद कमी असेल तर कुठल्या खिडकीवर जायचं ते सांगायचं, असं ते काम. बारावी झालेल्या मुली इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडचे, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश फेऱ्यांचे पर्याय भरायलाही माझ्याकडेच येतात. प्रवेश मिळून बाहेरगावी गेल्या तरी अर्ज अडकला की पहिला फोन मला करतात. त्यामुळे विज्ञान-तंत्रज्ञान शिकणाऱ्या मुलींना सरकार काय देतं आणि ते त्यांच्या हातात कधी पडतं, या दोन्ही गोष्टी मला वर्षभर दिसत असतात. हे पत्र मुख्यतः दुसऱ्या गोष्टीबद्दल आहे.

८ जुलै २०२४ चा शासन निर्णय मी छापून आमच्या सूचनाफलकावर लावला होता. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलीला केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला, तर निम्म्याऐवजी संपूर्ण शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शासन भरेल, असा तो निर्णय. प्रवेशाच्या वेळी अशा मुलींकडून हे शुल्क घेऊ नका, अशा सूचनाही आपण महाविद्यालयांना दिल्या. हा निर्णय मोठा आहे, आणि त्यासाठी मी मनापासून आभार मानते. निम्मी फी भरता येत नाही म्हणून इंजिनिअरिंगचा नाद सोडून डी.एड.ची चौकशी करणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत.

त्याच आठवड्यात एक पालक वर्तमानपत्राचं कात्रण खिशात घडी घालून घेऊन आले. मुलीचे सीईटीचे मार्क असे होते की पुण्यात चांगल्या कॉलेजात नंबर लागला असता. "मॅडम, म्हणजे आता फी शून्य ना?" मी हो म्हटलं. ते जरा टेकून बसले. मग म्हणाले, "आणि बाकीचे?"

बाकीचे मी त्यांना पाठकोऱ्या कागदावर लिहून दिले. खोलीचं डिपॉझिट. पहिल्या महिन्याचं भाडं. मेसचा ॲडव्हान्स. गादी, बादली. ड्रॉइंगचं सामान, वर्कशॉपचा पोशाख, पुस्तकं. पहिल्या नाही तर दुसऱ्या वर्षी लॅपटॉप. दिवाळीला आणि उन्हाळ्यात गावी येण्या-जाण्याचं भाडं. शिवाय कॉलेजचं विकास शुल्क आणि इतर आकार, जे या माफीत बसत नाहीत. त्यांनी बेरीज केली, कागदाची घडी घातली आणि कात्रणाबरोबर खिशात ठेवली. पर्याय भरायला बसलो तेव्हा यादीत वरची सगळी नावं जिल्ह्यातली होती. पहिला पर्याय मिळाला की तो पक्का होतो, पुढच्या फेरीत जाता येत नाही. ती मुलगी आज घरापासून दोन तासांवरच्या कॉलेजात शिकते आणि रोज एसटीनं जाते-येते.

अभियांत्रिकीच्या जागांमध्ये मुलींसाठी तीस टक्के आरक्षण आहे. तिच्यासाठी पुण्यात जागा होती, फीही माफ होती. राहण्याचे पैसे नव्हते, म्हणून ती जागा तिच्या यादीतच आली नाही. आपल्या नोंदींत हे कुठे उमटणार? जो पर्याय भरलाच गेला नाही, त्याची नोंद कुठलंच पोर्टल ठेवत नाही.

माझ्या टेबलावरून एक फरक मला दरवर्षी दिसतो आणि तोच सांगायला मी हे पत्र लिहायला घेतलं. राहण्या-जेवणाचा सरकारी भत्ता उशिरा आला की मुलाच्या घरी उसनवारी होते, कुरकुर होते, पण तो शिकायला गेलाय हे ठरलेलं असतं. मुलीच्या घरी पैशाची वेळ आली की ठरलेला विषय पुन्हा निघतो. 'पुढं शिकवायची का' ही बोलणी जूनमध्ये कशीबशी संपलेली असतात. ऑक्टोबरात खोलीच्या भाड्यावरून ती पुन्हा सुरू होतात, डिसेंबरात मेसच्या बिलावरून पुन्हा. चुलते येतात, मामा येतात. एखादं स्थळ सुचवलं जातं. आई मुलीच्या बाजूनं बोलायला बघते, पण तिच्याजवळ सांगण्यासारखं एवढंच असतं की सरकारकडून येणार आहेत. कधी येणार, हे तिला ठाऊक नसतं. मलाही नसतं. महिन्याच्या महिन्याला पैसे येत असते तर ते बोलणं निघालंच नसतं. शिष्यवृत्तीची रक्कम किती, याच्याइतकंच ती कुठल्या तारखेला येते याला मुलीच्या बाबतीत महत्त्व आहे, ते यासाठी.

माझं स्वतःचं शिक्षण अशाच एका कागदावर पार पडलं. १९९६ साली मी एम.एस्सी.ला विद्यापीठात गेले. बी.एस्सी. गावाजवळ झालं होतं, त्याला कुणाची हरकत नव्हती. शहरात जाऊन राहायचं म्हटल्यावर घरात दोन तट पडले. विद्यापीठाच्या मुलींच्या वसतिगृहात जागा मिळाल्याची चिठ्ठी आली आणि वडिलांनी ती शर्टाच्या खिशात ठेवली. भावकीत कुणी विचारलं की काढून दाखवायचे. फी किती, विषय कोणता, पुढे नोकरी काय, यातलं कुणी काही विचारलं नाही. राहणार कुठं, एवढंच विचारलं, आणि त्याला शिक्क्याचं उत्तर होतं. ती चिठ्ठी नसती तर मी आज आपल्याला हे पत्र लिहीत नसते, एवढं मला पक्कं माहीत आहे.

महाराष्ट्राला ही गोष्ट नवी नाही. महर्षी कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रमाचं काम सुरू केलं, १९०० साली तो आश्रम हिंगण्याला नेला, आणि महिला विद्यालय काढलं ते १९०७ साली. विद्यापीठ त्याच्याही नंतर, १९१६ ला. आधी राहण्याची सोय, मग शाळा, मग विद्यापीठ, हा क्रम त्यांनी का ठेवला असेल ते माझ्या टेबलावर एक ऑगस्ट महिना बसलं की कळतं. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ ला मराठा बोर्डिंग काढलं आणि त्यामागून निरनिराळ्या समाजांची वसतिगृहं उभी करत गेले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी १९०८ चं मिस क्लार्क वसतिगृह त्यातलंच. ती मुलग्यांची वसतिगृहं होती हे खरं. पण गावातलं पोर शहरात शिकायचं तर आधी त्याच्या भाकरीची आणि अंथरुणाची व्यवस्था लागते, हे त्या राजाला उमगलं होतं. आज त्यांच्या नावाची जी शिष्यवृत्ती आपण देतो ती शिक्षण शुल्काची आहे. वसतिगृहाच्या भत्त्याला डॉ. पंजाबराव देशमुखांचं नाव आहे. ती योजना आमच्या टेबलावर कायम धाकट्या बहिणीसारखी मागे राहते. आधी फीचे अर्ज मार्गी लावायचे, कारण त्यात कॉलेजचे पैसे अडकलेले असतात. मुलीचे स्वतःचे पैसे ज्यात आहेत, तो अर्ज मग बघायचा. हे मी आमच्याबद्दलही सांगते आहे, फक्त आपल्याबद्दल नाही.

राहण्या-जेवणाच्या योजना नाहीत असं कुणी म्हणू नये. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम् आहे, इतर मागास आणि भटक्या-विमुक्त समाजातल्या विद्यार्थ्यांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावाची आधार योजना आहे. यातल्या काही आपल्या विभागाच्या नाहीत, समाजकल्याण, आदिवासी विकास किंवा बहुजन कल्याण विभागाच्या आहेत. पण मुलीला विभाग कळत नाहीत. तिला सरकार एकच दिसतं, आणि तिचं पत्र म्हणून मी आपल्याकडे आणलं आहे.

स्वाधारचा हिशेब बघा. मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत वर्षाला ६०,००० रुपये: जेवणाचे ३२,०००, राहण्याचे २०,०००, निर्वाहाचे ८,०००. कॉलेजचे दहा महिने धरले तर राहण्याला महिन्याला २,००० येतात. पुण्यात कॉलेजजवळ, रात्री एकटीनं परतता येईल अशा ठिकाणी, या पैशात मुलीला खोली मिळत नाही. मुलगा लांब वस्तीत, सात जणांत एक खोली करून राहतो. मुलीला तसं राहायला घर सोडत नाही, आणि तिनं तसं राहावं असं मलाही वाटत नाही. एकाच शहरात मुलीला खोली महाग पडते, कारण ती भाड्याबरोबर सुरक्षितता विकत घेत असते. भत्त्याच्या कोष्टकात शहरानुसार फरक केला आहे. हा दुसरा फरक त्यात कुठेच नाही. तो करावा, अशी माझी विनंती आहे.

आणि तरीही, एवढीच रक्कम वेळेवर आली असती तरी पुष्कळ मुली टिकल्या असत्या.

एका विद्यार्थिनीचं सांगते. आमच्याकडून बारावी करून ती इलेक्ट्रॉनिक्सला गेली. पहिलं वर्ष उत्तम गेलं. दुसऱ्या वर्षी भत्त्याचा अर्ज मंजूर झाल्याचा मेसेज आला, त्या भरवशावर आईनं बचत गटातून कर्ज काढून डिपॉझिट भरलं. नोव्हेंबरपर्यंत पैसे नाहीत. जानेवारीत खोली सोडून ती शहराबाहेर एका नातेवाइकांकडे राहायला गेली. तिथून पहिली बस कॉलेजला पोचेपर्यंत सकाळचं प्रॅक्टिकल अर्धं झालेलं असायचं. दोन विषयांचं टर्मवर्क राहिलं, एक विषय गेला. भत्ता जमा झाला जूनमध्ये, सगळा एकरकमी. त्यातला बराचसा बचत गटाच्या हप्त्यात आणि व्याजात गेला. पोर्टलवर त्या अर्जापुढे रक्कम जमा झाल्याची नोंद आहे. आपल्या वार्षिक अहवालात ती मुलगी लाभार्थी म्हणून मोजली गेली असेल. लाभ तिला ज्या खोलीसाठी होता, ती खोली तेव्हा पाच महिने आधीच सुटली होती.

हे कुणा एका कारकुनाच्या आळसानं झालं असं मी म्हणत नाही. पोर्टल प्रवेशानंतर उघडतं. अर्ज कॉलेजच्या पातळीवर तपासला जातो, मग विभागाच्या कार्यालयाकडे जातो. कुठेही एक कागद अस्पष्ट दिसला की परत येतो. निधी हप्त्याहप्त्यानं येतो. प्रत्येक टप्पा आपल्या जागी बरोबर आहे, आणि सगळे मिळून वर्ष खातात.

पण यातली एक पायरी कमी करता येईल. मुलीनं जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर किंवा दुर्बल घटकाचं प्रमाणपत्र, अधिवास, गुणपत्रिका हे सगळं कॅपच्या वेळी अपलोड केलेलं असतं. आपल्याच यंत्रणेनं ते तपासून तिला जागा दिलेली असते. तेच कागद दोन महिन्यांनी महाडीबीटीवर पुन्हा मागितले जातात, पुन्हा तपासले जातात, आणि पुन्हा त्यात त्रुटी निघते. ज्या कागदांवर सीट दिली, त्याच कागदांवर पहिल्या तीन महिन्यांचा निर्वाह भत्ता का देता येऊ नये? जागावाटपाचं पत्र हेच तात्पुरतं मंजुरीपत्र माना. उत्पन्नाच्या दाखल्याची आणि बाकीची छाननी त्यानंतर सावकाश करा. फीची रक्कम ही शासन आणि कॉलेज यांच्यातली बाब आहे, ती मार्चमध्ये गेली तरी मुलीचं ताट रिकामं राहत नाही. भत्त्याचं तसं नाही. दोन्हींना एकाच रांगेत उभं करू नका.

आता एक बारीक गोष्ट, जी मंत्रालयातून कदाचित दिसत नसेल. अर्ज भरताना ओटीपी येतो तो आधारशी जोडलेल्या मोबाइलवर. आमच्या बहुतेक मुलींच्या आधारला वडिलांचा किंवा भावाचा नंबर आहे. वडील ऊसतोडीला गेलेले असतात, त्यांचा फोन रेंजमध्ये नसतो. भाऊ कामावर असतो, त्याला दुपारी चारदा फोन केला की तो चिडतो. तोवर ओटीपीची मुदत संपते. पैसे जमा होतात तेही आधारशी जोडलेल्या खात्यात, आणि ते खातं कधी शाळेत असताना काढलेलं, कधी व्यवहार नसल्यानं बंद पडलेलं. अकरावीत प्रवेश घेतानाच प्रत्येक मुलीचा स्वतःचा नंबर आणि स्वतःचं चालू खातं आधारला जोडून द्यायचं, असं एक शिबिर मी गेली तीन वर्षं घेते. बँकेचे लोक येतात, आधार केंद्रवाले येतात, दोन दिवसांत काम होतं. हे प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयात शासनानं करावं. खर्च जवळपास नाही.

लग्न झालेल्या मुलीचा प्रश्न वेगळाच. शिकता शिकता लग्न होतं, आधारवर नाव बदललं जातं, गुणपत्रिकेवर माहेरचं राहतं. उत्पन्नाचा दाखला वडिलांचा की नवऱ्याचा, यावर अर्ज फिरत राहतो. लग्नानंतर शिकू देणारं सासर तिला मोठ्या नशिबानं मिळालेलं असतं. त्या सासरच्या माणसांना तहसीलच्या फेऱ्या घालायला लावू नका. एक स्वच्छ लेखी नियम पुरे आहे.

आता माझ्या बी.एस्सी.च्या मुलींकडे येते, कारण त्यांच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणाचे २०२१-२२ चे आकडे सांगतात की देशात विज्ञान शाखेत ५७.२ लाख विद्यार्थी होते आणि त्यात २९.८ लाख मुली, म्हणजे निम्म्याहून जास्त. मुलींना विज्ञानाची आवड लावायला पाहिजे, असं भाषणांत ऐकते तेव्हा मला हा आकडा आठवतो. मुली विज्ञानाला आलेल्या आहेत. माझ्या वर्गात पुढचे चार बाक त्यांचेच असतात. बी.एस्सी. घराजवळ मिळतं, म्हणून त्या इथे आहेत. यातल्या कित्येकींना इंजिनिअरिंगला किंवा मोठ्या शहरातल्या संस्थेत जाता आलं असतं. पण शुल्कमाफीचा निर्णय कॅपमधून होणाऱ्या व्यावसायिक अभ्यासक्रमांना आहे. साधं बी.एस्सी. त्यात येत नाही. अनुदानित तुकडीत फी थोडी असते हे मान्य. विनाअनुदानित तुकडीत कॉम्प्युटर सायन्स किंवा बायोटेक्नॉलॉजी घेतलेल्या मुलीला मात्र या माफीचा फायदा नाही. तिचं उत्पन्न, तिची जात, तिचं गाव तेच आहे. फक्त अभ्यासक्रमाचं नाव वेगळं आहे.

आणि घराजवळ शिकणाऱ्या मुलीचं सगळं ठीक चाललंय असंही नाही. बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेतून तिला एसटीचा मोफत पास होता. पदवीला आली की सवलतीचा पास काढावा लागतो. ते पैसे फार नाहीत. गाडीची वेळ हा खरा अडथळा आहे. आमची प्रॅक्टिकलं दुपारच्या बॅचला असतात, तीन तासांची. स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे प्रकाशाचे रंग वेगळे करून मोजायचं उपकरण, नीट लावायला नवशिक्या हाताला पाऊण तास लागतो. दुर्बीण दूरच्या वस्तूवर जुळवायची, प्रिझमचं टेबल पाणसळीनं समतल करायचं, शुस्टरच्या पद्धतीनं कोलिमेटर आणि दुर्बीण समांतर किरणांसाठी जुळवायची, तेव्हा कुठे सोडियमच्या पिवळ्या रेघा स्वच्छ दिसतात. यातच खरं पदार्थविज्ञान आहे. रीडिंग घेणं हे त्यापुढचं सोपं काम. पण साडेचारची गाडी गेली तर तिच्या गावाला जायला सातशिवाय दुसरी नाही, आणि सातची घरी चालत नाही. म्हणून ती आधीच्या बॅचनं लावून ठेवलेल्या उपकरणावर भराभर रीडिंग घेते, वहीत उतरवते आणि चार वाजता निघते. तीन वर्षं ती असंच प्रॅक्टिकल करते. मार्क पडतात. पुढे एम.एस्सी.च्या मुलाखतीत कुणी स्पेक्ट्रोमीटर समोर ठेवला की तिचे हात थांबतात. तिच्यात काही कमी नव्हतं, तिला पाऊण तास मिळाला नव्हता. तालुक्याच्या विज्ञान महाविद्यालयाला लागून वीस-पंचवीस मुलींचं साधं वसतिगृह असतं, निदान प्रॅक्टिकलच्या दिवशी सहाची गाडी असती, तर मिळाला असता. एसटी महामंडळाला विभागाकडून एक पत्र गेलं तरी गाडीची वेळ बदलते. आम्ही तिघी-चौघी शिक्षिकांनी आगारात जाऊन विनंती करून पाहिली आहे. शासनाच्या पत्राचं वजन वेगळं असतं.

इथे मला कमला सोहोनी आठवतात, तेव्हाच्या कमला भागवत. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. संचालक सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून नाकारला. त्या हटल्या नाहीत, तिथे जाऊन त्यांनी दाद मागितली. अखेर प्रवेश मिळाला तो अटींवर: पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी मानणार नाही, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंत काम करावं लागेल, आणि प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडू द्यायचं नाही. वर्षानंतर रामन यांना त्यांचं काम मान्य करावं लागलं आणि संस्थेत मुलींना वाट मोकळी झाली. १९३९ ला केंब्रिजची पीएच.डी. घेऊन त्या भारतातल्या अगदी पहिल्या स्त्री वैज्ञानिकांत जाऊन बसल्या. त्या अटी अपमानकारक होत्या, यात शंका नाही. पण त्यातली एक मी पुन्हा पुन्हा वाचते: रात्री उशिरापर्यंत प्रयोगशाळेत काम. प्रयोगाला वेळेचं बंधन नसतं, हे तेव्हाही सगळ्यांना ठाऊक होतं. आज किती मुलींच्या वसतिगृहांचं फाटक सात-साडेसातला बंद होतं, हे आपण कधी मागवून बघा. मुलांची प्रोजेक्टची कामं रात्री नऊपर्यंत लॅबमध्ये चालतात आणि त्याच गटातली मुलगी सहाला उठते, कारण हजेरी आहे. पुढे प्रेझेंटेशनला सर्किटचा भाग मुलं सांगतात आणि रिपोर्ट टाइप करण्याचं श्रेय तिच्या वाट्याला येतं. फाटक उघडं टाका असं मी म्हणत नाही. मीही मुलींना वाढवणारी बाई आहे, पालकांची भीती मला कळते. पण लॅबपासून वसतिगृहापर्यंत दिवे, एक गाडी आणि सोबतीला एक महिला सुरक्षारक्षक एवढी सोय केली, तर नऊ वाजेपर्यंत मुलगी लॅबमध्ये थांबू शकते. ही सोयसुद्धा शिष्यवृत्तीइतकीच शैक्षणिक मदत आहे, आणि तिच्यासाठी निधी ठेवावा.

निवासाला आधी धरलं की काय होतं, हे आपल्याच घरात पाहायला मिळेल. लातूर, तासगाव, यवतमाळ इथे शासकीय निवासी महिला तंत्रनिकेतनं आहेत. नावातच निवासी. दहावी झालेल्या मुलीला पदविकेला पाठवताना आमच्या भागातले पालक लातूरच्या त्या संस्थेबद्दल फार प्रश्न विचारत नाहीत. तिथे राहायची सोय सरकारची आहे, बस. पदवीच्या पातळीवर, निदान प्रत्येक महसुली विभागात, हे का असू नये?

केंद्राच्या योजनांबद्दल थोडंसंच. एआयसीटीईची, म्हणजे केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची प्रगती शिष्यवृत्ती मुलींसाठीच आहे, वर्षाला ५०,००० रुपये, पदवी आणि पदविका दोन्हींना, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. मूलभूत विज्ञान शिकणाऱ्यांना केंद्राच्या इन्स्पायर योजनेची वर्षाला ८०,००० ची शिष्यवृत्ती आहे, बारावी बोर्डात वरच्या एक टक्क्यात आलेल्यांसाठी. आमच्या बोर्डात अशा गुणांची मुलगी खेड्यातल्या कॉलेजात असते, पण तिला कुणी सांगितलेलंच नसतं, आणि मुदत गेल्यावर ती मला विचारते. कुठली योजना कुणाला, कुठली दुसरीबरोबर चालते, कुठली चालत नाही, हे एका पानावर, साध्या मराठीत, बारावीच्या गुणपत्रिकेबरोबर प्रत्येक मुलीच्या हातात द्या. राज्य मंडळ आपल्या सरकारचंच आहे.

शेवटची मागणी माणसाची आहे. शिष्यवृत्तीचं टेबल आज प्रत्येक कॉलेजात कुणीतरी जादा काम म्हणून सांभाळतं. माझ्यासारखी शिक्षिका, नाहीतर प्रवेश, परीक्षा आणि पगारपत्रक बघणारा एकच लिपिक. पुण्याच्या लीला पूनावाला फाउंडेशनसारख्या खासगी संस्था मुलींना पैशाबरोबर मार्गदर्शन आणि प्रशिक्षण देतात, वर्षभर त्यांच्याशी बोलत राहतात, आणि मुली ते सांगतानाच खुलतात. शासनाच्या योजनेत मुलीशी बोलणारं कुणी नाही, फक्त अर्जाची स्थिती दिसते. प्रत्येक मोठ्या महाविद्यालयात याच कामाची, पगारावरची एक व्यक्ती नेमा. तिनं महिन्यातून एकदा प्रत्येक लाभार्थी मुलीला एवढंच विचारावं: पैसे आले का, खोली आहे का, घरून काही बोलणं चालू आहे का. तिसरा प्रश्न सगळ्यात आधी विचारला पाहिजे.

पुढच्या प्रवेशाच्या फेऱ्या सुरू होतील तेव्हा ते कात्रणवाले पालक पुन्हा येणार आहेत. त्यांची धाकटी यंदा बारावीला आहे. तिला केमिकल इंजिनिअरिंग करायचं आहे, मुंबईला. त्यांनी आत्ताच विचारून ठेवलंय की यंदा भत्ता कधी मिळेल. मला त्यांना एक तारीख सांगायची आहे. वसतिगृह निर्वाह भत्त्याचा पहिला हप्ता मुलीच्या खात्यात कुठल्या तारखेला पडेल, एवढं आपल्या सहीनं कळवा. मी ती सूचनाफलकावर, जुलैच्या निर्णयाच्या शेजारी, मोठ्या अक्षरात लिहून लावते.

आपली नम्र,
पदार्थविज्ञानाची एक शिक्षिका